गवतात गुंडाळलेलं घर

दहिवडीजवळच्या दुष्काळी गावात दिलेली संयोगिता मूळची महाबळेश्वराकडची. सुट्टी लागली की चौथीतल्या लेकीला, आरोहीला, ती घरीच माहिती लिहायला शिकवायची. नियम एकच: डोळ्यांनी बघितलेलं, नाहीतर खात्रीनं विचारलेलंच लिहायचं.

त्या दिवशी विषय होता पावसाळ्याची तयारी. आरोहीनं झटक्यात लिहिलं, ‘पन्हाळीखाली पिंपं मांडतात आणि पावसाची वाट बघतात.’

“माझ्या माहेरी पावसाआधी अख्ख्या घराला गवताच्या ताट्या बांधतात,” संयोगिता म्हणाली. “तेबी लिव की.”

आरोहीनं लिहिलं, ‘ऊन लागू नये म्हणून बांधतात.’

“ऊन न्हाई गं येडे! पावसाच्या माऱ्यानं भिंती भिजत्यात म्हणून. आत दिवसाबी अंधार, गवताचा वास, लय ऊब...”

“पर तू तरी कवा बघितलंस शेवटचं? मामाला इचार, खात्री कर!” लेक थेट आईच्याच तोऱ्यात म्हणाली.

फोनवर दादा खो खो हसला. “आता कोण बांधतंय गवत, संयू? चौफेर पत्रा ठोकलाय. तू ये तर खरी, वळखायची न्हाईस!”

“काय म्हणला मामा?”

नियम मोडावा असं संयोगिताला फार वाटलं. लेकीच्या अक्षरात तरी ते घर गवतात राहिलं असतं.

“आता पत्रा लावत्यात म्हणे. तसंच लिव.”

आरोहीनं जुनं वाक्य खोडलं, नवं लिहिलं आणि पेन्सिल ठेवली. तिला जवळ ओढून संयोगिता म्हणाली, “आता ताट्या कशा बांधायचो ते सांगते. लिवू नगंस. नुसतं ऐक.”