डाव सुटेल

भुताखेतांच्या गोष्टी वर्गात मुलांनी काढल्या, की मी खडू टेबलावर आपटायचो. आजही आपटेन. तरी ही हकीकत लिहितो आहे... चार वर्षं लिहायची टाळली.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी नंदुरबारला हायस्कुलात मराठी शिकवत होतो. थोरला भाऊ नाना आमच्या गावी, ब्राह्मणपुरीला, शेती बघायचा. कापसाच्या गाडीवरून पडून त्याचं कमरेचं हाड मोडलं आणि तो खाटेला खिळला. शहाद्याच्या कंपाउंडरने त्याला एकट्याने खेळायचा एक पत्त्यांचा डाव शिकवला. नानाने तो मला शिकवला.

बावन्न पानं, आठ रांगा, सगळी उघडी. इस्पिकच्या नव्वीवर इस्पिकचीच अठ्ठी लागते. एक्के बाहेर काढून त्यांवर राजापर्यंत चढायचं. अडलेलं पान ठेवायला चार जागा, त्यांना नाना 'ओटे' म्हणायचा. मी घाईने चारही भरून टाकायचो.

"एक तरी ओटा रिकामा ठेव, मास्तर," तो हसायचा. "पाव्हना इचारीसन येत नही!"

दिवाळीच्या सुट्टीत एक डाव असा पडला, की बदामचा एक्का राजाखाली पार तळाशी. मी त्याची मांडणी वहीत उतरवून घेतली, दोन दिवस झगडलो, चारही ओटे भरले. शेवटी म्हणालो, "हा सुटायचा नाही."

"तू शाळामा पोऱ्हेसले शिकाड. डाव मी दखी लेस."

डाव तो बघून घेणार, म्हणून अडलेला तसाच फळीवर ठेवून मी नंदुरबारला परतलो. पंधरा दिवसांनी, मंगळवारी, नानाचं कार्ड आलं. अक्षर कापरं. एवढंच — 'डाव सुटेल. तू ये.'

मला वाटलं, अजून झगडतो आहे, सुटेल कधीतरी. सहामाहीचे पेपर तपासायचे होते. शनिवारी जाऊ म्हटलं. नाना गुरुवारी गेला... तापाने.

गावी पोचल्यावर मी कार्ड वाचून दाखवलं, तशा वहिनी रडता रडता माझ्यावर चिडल्या. "'सुटेल' म्हंजे सुटी गया ना, मास्तर! शहरमा जाईसन घरनी बोली इसरी गयात का? तुम्हनी वाट दखत गयात तुम्हना भाऊ!"

खरंच की. अहिराणीत 'सुटेल' म्हणजे सुटलेला. पण पत्र लिहिताना माणूस शाळेची भाषा लिहितो, असं मी धरून चाललो होतो.

फळीवर धोतर पांघरलेलं होतं. ते उचललं. डाव मी ठेवून गेलो होतो तसाच अडलेला, चारही ओटे भरलेले.

"कोनी हात लावा नही," वहिनी म्हणाल्या.

मग त्याने 'सुटला' असं का लिहावं? सुतकाचे दिवस मी त्या फळीसमोर काढले. पानाला हात न लावता, नुसत्या डोळ्यांनी चाली करत. उठायचो, अंगणात जायचो, परत यायचो. अन्न गोड लागेना. बदामचा एक्का निघेना.

दहाव्याला आम्ही सगळे प्रकाशा गावाला तापीवर गेलो, वहिनीसुद्धा. कुलूप मी लावलं, किल्ली माझ्याच खिशात. दुपारी परतलो, कुलूप मीच काढलं. धोतर तसंच नीट पांघरलेलं होतं. ते उचललं —

चार गड्ड्या. चारींवर राजे. चारही ओटे रिकामे.

गावात हा डाव आम्हा दोघांशिवाय कुणाला येत नव्हता. वहिनींना तर पत्त्यांतले राजा-राणीही ओळखू येत नसत. वहीवरून तो डाव मी पुढे कितीतरी वेळा मांडला. माझ्याच्याने आजवर सुटलेला नाही.

शाळेच्या भाषेत वाचलं तर नानाने शब्द पाळला आणि माझं काही चुकलं नाही. घरच्या बोलीत वाचलं तर तो दाराकडे डोळे लावून होता आणि मी पेपर तपासत बसलो. त्याने कुठल्या भाषेत लिहिलं, हे आता कुणाला विचारू?

भविष्यकाळ अजूनही शिकवतो. 'सुटेल' हे रूप मात्र फळ्यावर लिहीत नाही.