कॅप आणि गॉगलमध्ये कोण ओळखतंय

"ए, बाहेर ये. आधी बाहेर ये."

कान पाण्यात होते तरी मला ते ऐकू आलं. कारण ते मराठीत होतं. दुबईतल्या त्या क्लबात सकाळी इंग्रजी चालते, अरबी चालते, कुणीतरी हिंदीत फोनवर बोलत असतं. मराठीत ओरडणारा माणूस एकच होता.

मी भिंतीला हात लावून थांबले. माझ्या मागोमाग पोहणारी रेमेही थांबली. रेमे म्हणजे स्पेनची ट्रायथलॉन चॅम्पियन. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, सगळं एका दमात. त्या खेळात ती एके काळी जगात पहिली होती. आणि मी त्या क्लबाची लाईफगार्ड. पिवळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. कुणी बुडायला लागलं तर पाण्यात उडी मारायची. एरवी काठावर उभं राहायचं.

ओरडणारे सर पुण्याचे. जुमेरा लेक टॉवर्समध्ये ऑफिस, मोठा हुद्दा. क्लबाचे मेंबर. वीकेंडला सायकल घेऊन हौशी ट्रायथलॉन करणारे. त्यांनी मॅनेजरला बोलावलं. "स्टाफ मेंबर्सच्या लेनमध्ये? व्हॉट इज धिस?"

मॅनेजर लेबनीज. रेमेसोबत पोहायची परवानगी त्यानंच मला तोंडी दिली होती. त्या सकाळी त्याला काहीच आठवत नव्हतं. "यल्ला, आउट," तो म्हणाला. "खलास."

मी बाहेर आले. अंगातून पाणी गळत होतं. टॉवेल मेंबरांचे, त्यामुळे तशीच उभी राहिले. सगळी लेन बघत होती. सर जवळ आले आणि हसऱ्या चेहऱ्यानं, हळू आवाजात म्हणाले, "गावाला तुमचा घाट वेगळा असेल ना? इथंही तसंच समज."

बघणाऱ्यांना वाटलं, सर समजूत घालताहेत. त्या अख्ख्या पूलवर ते वाक्य कळणारी मी एकटी होते. माझ्या आईच्या भाषेत, फक्त माझ्यासाठी.

आडनाव त्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं. नवीन आले तेव्हा माझं मराठी ऐकून खूश झाले होते. "अरे वा, मराठी! कुठल्या तुम्ही?" सांगली जिल्हा म्हटलं. "आडनाव?" तेही सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले. हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं. दुसऱ्या दिवसापासून मी 'तुम्ही'ची 'तू' झाले.

मी कृष्णेकाठची. पण पोहायचं पहिलं वेड नदीचं नव्हतं, विहिरीचं होतं. उन्हाळ्यात बागाईतदाराच्या विहिरीवर त्याची पोरं कमरेला सुके भोपळे बांधून पोहायला शिकायची. मी काठावरून बघत बसायची. एकदा सगळी जेवायला गेली आणि मी उडी मारली. भोपळा नाही, काही नाही. हातपाय मारले आणि तरंगले. काय आनंद झाला होता! ओरडले मी आनंदानं. त्या ओरडण्यानंच पकडले गेले.

मारलं नाही कुणी. शिवीसुद्धा दिली नाही. मालक नुसता मोटारीकडे गेला आणि बटण दाबलं. संध्याकाळपर्यंत मोटार विहीर उपसत होती. पाणी उसात सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, शेवाळ झालंय. आमच्या आधीच्या लोकांना तोंडावर शब्द ऐकावा लागायचा. आमच्या वेळी शब्द कुणी बोलत नव्हतं. मोटार चालू करत होते.

आईला कळलं तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. हात थांबला नाही तिचा. भिंतीवर निळ्या कोटातल्या माणसाचा फोटो होता. त्यानं तळ्याच्या पाण्याला हात लावला त्याला किती वर्षं झाली, हे आम्हाला शाळेत नाही, घरात शिकवलेलं. आई त्या फोटोकडे न बघता म्हणाली, "उद्यापास्नं नदीला जायचं. नदी उपसाय कुनाच्या बापाकडं मोटार न्हाई."

मग नदीत पोहले. पुराच्या कडेनं पोहले. स्पर्धांसाठी शाळेतून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला. पुण्यात लाईफगार्डचं सर्टिफिकेट काढलं, एका हॉटेलच्या पूलवर नोकरी केली, तिथून एजंटामार्फत दुबई. पासपोर्टवर शिक्का बसला तेव्हा वाटलं, सुटले. इथं कुणाला काय माहीत. इथं सगळेच परके.

रेमे आली ती हिवाळ्यात. स्पेनमध्ये थंडी, म्हणून इथं सरावाला. क्लबानं तिला पूल दिला, राहायला जागा दिली, बदल्यात दारात तिचा मोठा फोटो लावला. फोटोतली रेमे फितीला छाती लावून ओरडत होती. पूलवर यायची ती रेमे वेगळी होती. सायकलवरून पडून तिचं माकडहाड आणि खुबा मोडला होता, ऑपरेशन झालं होतं. पायऱ्या उतरताना कठडा धरायची. एक शेवटचं वर्ष, म्हणायची. एकदा पुन्हा शर्यतीत उभं राहायचंय.

एका दुपारी पूल रिकामा होता. तळाशी कुणाचा तरी चष्मा पडला होता, तो काढायला मी उतरले आणि येताना चार हात जास्तच मारले. रेमे बघत होती. "अगेन," ती म्हणाली. तेव्हापासून मी तिच्या पुढे पोहायची आणि ती माझा पाठलाग करायची. तिला कुणीतरी पुढे लागायचं. मेंबरांत तसं कुणी नव्हतं.

दमल्यावर ती बोलायची. मोडकंतोडकं इंग्रजी तिचं, तसंच माझं, त्यामुळे छान जमायचं. तिची आई ओहोटीच्या वेळी चिखलात वाकून शिंपले गोळा करायची. गलिसिया नावाचा भाग आहे म्हणे तिकडे, पावसाचा. रेमे शहरातल्या सरकारी ट्रेनिंग सेंटरला निवडली गेली तेव्हा बाकीच्या मुली ती आली की नाक दाबायच्या. माशांचा वास येतो म्हणायच्या. "मी आंघोळ करून करून कातडी सोलली," ती म्हणाली. "मग जिंकायला लागले. मग कुणाला वास आला नाही."

मला वाटलं, ही माझी. हिला कळतं. बरेच दिवस मी त्या गोष्टीला धरून होते.

तर त्या सकाळी सर मला बाहेर काढत होते तेव्हा रेमे पाण्यात होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं गॉगल खाली ओढला आणि भिंतीला लाथ मारून पुढे निघाली. पोहत राहिली.

संध्याकाळी गेटवर भेटली. "सॉरी," म्हणाली. "आय नीड धिस पूल."

खरं होतं ते. तिला पूल हवा होता. त्या रात्री मी तिच्यावर रागावले नाही, फक्त हिशेब लावला. तिचा वास साबणानं गेला. राहिलेला मेडलांनी गेला. माझं आडनाव कशानं जाणार? आणि जावं तरी का? माझ्या आईचं आडनाव आहे ते.

पुढे सुट्टीच्या दिवशी आम्ही समुद्रात पोहायला लागलो. जुमेराच्या पब्लिक बीचवर, उजाडताना. समुद्राला मेंबरशिप नाही. रेमेनंच सुचवलं होतं. तिच्या परीनं ती भरपाई करत होती, मीही ते घेतलं.

मग एक दिवस सरांचा मेसेज आला. "ऑफिसखालच्या कॅफेत येता का? थोडं बोलायचं होतं."

येता का. मी पुन्हा 'तुम्ही' झाले होते.

कॅफे तळ्याकाठी. सरांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, कॉफी मागवली. अबू धाबीला शर्यत होती. सरांच्या कंपनीची रिले टीम होती त्यात. एकानं पोहायचं, सर सायकल चालवणार, तिसरा धावणार. पोहणाऱ्या मुलीचा खांदा दुखावला होता. नाव बदलायची मुदत संपली होती.

"तुम्ही पोहाल का तिच्याऐवजी?" सर म्हणाले. "तिचाच नंबर, तिचंच नाव. कॅप आणि गॉगलमध्ये कोण ओळखतंय?"

सरांनी खुर्ची पुढे ओढली.

"तुमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूला आलंय ना? मॅनेजर माझ्या ऐकण्यातला आहे. इन्शाल्ला होऊन जाईल." मग आवाज मऊ करून म्हणाले, "आपली माणसं आहोत. आपणच एकमेकांना मदत करायची परदेशात."

विचार करून सांगते, असं मी म्हणाले. खोटं कशाला बोलू, मोह झाला. कॉन्ट्रॅक्ट गेलं तर व्हिसा जातो. आणि खुल्या समुद्रात, शर्यतीत, हजारो लोकांसमोर पोहायचं! रेमेला विचारलं. ती वाळूत बसून खुब्याला पट्टी गुंडाळत होती.

"घे," ती म्हणाली. "मी आयुष्यभर स्पॉन्सरच्या नावाची टोपी घालून पोहले. पाण्याला नाव कळत नाही. जस्ट स्विम."

"पण निकालात तुझं नाव असायचं ना?"

रेमेनं पट्टी गुंडाळायची थांबवली. "ऑफ कोर्स," ती म्हणाली. आणि पुन्हा पट्टी गुंडाळायला लागली. जे कळायचं ते मला कळलं होतं, आणि ते कळायला चॅम्पियनची गरज नव्हती.

यांना माझे हात हवे होते. माझे खांदे, माझी छाती, माझा दम. फक्त मी नको होते. पाण्यात मी चालणार होते, पण दुसरी कुणीतरी होऊन.

दुसऱ्या दिवशी सर पूलवर आले तेव्हा मी ड्युटीवर होते. त्यांच्या ग्रुपचे सगळे होते. सरांनी हळूच विचारलं, "मग? ठरलं?"

मी हळू बोलले नाही. मराठीतच बोलले, पण मोठ्यानं.

"नाही सर. दुसरीच्या नावावर मी पोहणार नाही. पोहायचं झालं तर माझ्या नावानं पोहेन, आडनाव लावून. तुम्ही त्या दिवशी घाटाचं बोललात, ते मला कळलं होतं. आता सगळ्यांसमोर इंग्रजीत बोला."

सर लालबुंद झाले. "व्हॉट नॉनसेन्स," म्हणाले. ग्रुपमधल्या एका बाईनं विचारलं, काय झालं? मग मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. नंबराचं सांगितलं. घाटाचंही सांगितलं. घाट म्हणजे काय, हेही. शिट्टी गळ्यात होती, शब्द शोधावे लागत होते, पण वाक्य पूर्ण केलं. कुणी माझ्या बाजूनं बोललं नाही. पण कुणी हसलंही नाही, आणि सर त्या दिवशी पाण्यात उतरले नाहीत.

आठवड्यात माझी बदली झाली. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं, नाकारलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. क्लबाच्याच कंपनीकडे असलेला, सिलिकॉन ओएसिसमधल्या एका राहत्या टॉवरचा पूल. कमरेएवढं पाणी, बदकाच्या आकाराच्या ट्यूबा, "आंटी, वॉच मी" म्हणणारी मुलं. सगळ्यांना वाटलं, उतरवलं हिला.

मी त्याच अबू धाबीच्या शर्यतीत नाव घातलं. रिले वगैरे नाही. नुसत्या पोहण्याची एक वेगळी शर्यत होती, कुणालाही खुली, आणि तिची नोंदणी अजून चालू होती. फॉर्मवर नाव, वडलांचं नाव, आडनाव. सगळं लिहिलं.

हॉर्न वाजला आणि पाणी उकळल्यासारखं झालं. कुणाची टाच तोंडावर बसली, ओठ फुटला. रक्त आणि खारट पाणी गिळलं. आणि पोहले. माझ्यापुढे एक उंच रशियन बाई होती, तिला शेवटपर्यंत गाठता आलं नाही. बायकांत मी दुसरी आले. वाळूवर गुडघे टेकले तेव्हा स्पीकरवरून माझं नाव आलं. उच्चार वाकडा होता, पण आडनावासकट होतं.

सर तिथेच होते. त्यांच्या टीमला माघार घ्यावी लागली होती, त्या मुलीच्या जागी पोहणारं दुसरं कुणी मिळालंच नाही. तरीही हसत आले. शेजारच्या गोऱ्या साहेबांना म्हणाले, "अवर मराठी गर्ल! फ्रॉम अवर क्लब!" आणि फोन दुसऱ्याच्या हातात देऊन माझ्या शेजारी उभे राहिले. खांद्यावर हात टाकायला आले.

"सर, बाजूला व्हा," मी म्हणाले. "हा फोटो माझा आहे."

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी जागची हलले नाही. साहेब बघायला लागले. मग सर बाजूला झाले. झाले, हे महत्त्वाचं. आयुष्यात पहिल्यांदा मी नाही, समोरचा बाजूला झाला.

दुपारी तिथंच रेमेची शर्यत होती. पाण्यातून ती पहिली बाहेर आली. सायकलवर मागे पडली. धावताना खुब्यानं दगा दिला आणि ती चालायला लागली. लंगडत, दात आवळून, शेवटच्या नंबरनं आली. आणि लोक उभे राहिले. टाळ्या, रडणं, कॅमेरे. तिथेच तिनं सांगितलं की आता बास, यापुढे शर्यत नाही. मीही टाळ्या वाजवल्या, मनापासून. अपमान गिळून, हाड मोडून, एवढी वर्षं ती लढली होती.

पण टाळ्या वाजवताना एक गोष्ट मला टोचत होती. शेवटची येऊनही ती रेमेच होती. तिला हरायची मुभा होती. आमच्यातलं कुणी हरलं की म्हणतात, यांना जमत नाही. जिंकलं की म्हणतात, आमची मराठी मुलगी.

मला सायकल येत नाही. घरात एक सायकल होती, ती भावाला मिळाली. आता जुनी सायकल घेतलीय आणि ड्युटीच्या आधी टॉवरमागच्या मोकळ्या रस्त्यावर शिकतेय. पडते. दोन्ही गुडघे सोललेत. वॉचमन हसतो, बाल्कनीतल्या बायका बघतात. बघू देत.

पुढच्या मोसमात पूर्ण शर्यत करणार. पोहणं, सायकल, धावणं. पाण्यात पुढे असेन, सायकलवर सगळे मला मागे टाकून जातील, कदाचित शेवटची येईन. येईन शेवटची. माझ्या नावानं हरायलाही मी आता कुणाची परवानगी घेणार नाही.