न पाठवलेला मेसेज

अठ्ठेचाळीस साली निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन संपली तेव्हा आमची प्लॅटून फुलंब्रीच्या पुढच्या एका गावात होती. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या एका बाईंची तशी इच्छा आहे. मी प्लॅटूनचा सिग्नलर, म्हणजे वायरलेस सेट माझ्या ताब्यात. वय एकवीस, गाव पाचोड, भरती नगरची. निजामाच्या रझाकारांनी माझ्या सख्ख्या चुलत्याला मारलं होतं, हेही आधीच सांगून टाकतो.

सकाळी सहाला फॉल इन. सातपासून शस्त्रं गोळा करायची. हुकूम सगळ्या गावासाठी होता, पण झडती आम्ही फक्त मुसलमानांच्या गल्लीत घेतली. उर्दू शाळेचे गफूर मास्तर स्वतः घरोघर फिरून लोकांची समजूत घालत होते. दुपारपर्यंत दोन ठासणीच्या बंदुका आणि काही तलवारी जमा झाल्या. मास्तरांनी शेवटची तलवार खाली ठेवली आणि हवालदार शंकररावांना विचारलं, "साहेब, आता आमची जिम्मेदारी तुमच्यावर ना?"

हवालदार साताऱ्याचे. म्हणाले, "व्हय मास्तर. आमी हाय न्हवं का."

साडेतीनला सेटवर ऑर्डर आली. "सगळे ताबडतोब मूव्ह करा. पाच वाजता पुढच्या ठाण्यावर रिपोर्ट. ओव्हर."

मी हवालदारांना सांगितलं. ते ओढ्याकडं बघत होते. ओढ्यापलीकडं सकाळपासून आजूबाजूच्या गावचे लोक जमत होते. हातात कुऱ्हाडी होत्या.

"इचार त्यांना," हवालदार म्हणाले. "एक सेक्शन हितं ठेवतो म्हणावं. धा मानसं. रातच्याला मारली जातील ही गल्लीतली मानसं."

मी सेटपाशी गेलो. हेडफोन लावला. बोलायचं बटण दाबलं नाही. दोन मिनिटं तसाच बसलो आणि परत आलो.

"नाही म्हणतात. सगळे मूव्ह."

चार वाजता ट्रक निघाले. मास्तर थोडं अंतर मागं धावले, मग थांबले.

दुसऱ्या दिवशी हवालदार परवानगी काढून त्या गावाला गेले. संध्याकाळी आले ते जेवले नाहीत. "मास्तर येशीतच पडल्यात," एवढंच बोलले. पुढं बऱ्याच वर्षांनी ते एका लढाईत गेले. मधल्या काळात आम्ही दोनदा एकाच ठिकाणी होतो, एका पंगतीत जेवलो. मी त्यांना खरं सांगितलं नाही.

रिटायर झाल्यावर मी शहरात पुंडलिकनगरला घर बांधलं. आमच्या कॉलनीतली अनघा फिल्म करायला शिकून आली होती. ॲक्शननंतर या भागात जे झालं त्यावर ती डॉक्युमेंटरी करत होती. तिनं मला खुर्चीत बसवलं, कॅमेरा लावला. मी सांगितलं, ऑर्डर आली, निघालो.

"काका, कुणी थांबायचा प्रयत्न केला का?"

"हवालदारांनी केला. वरून 'नाही' असं आलं."

तिनं कॅमेरा बंद केला. "मास्तरांची मुलगी अजून त्या गावात आहे. येता का?"

माझा मुलगा म्हणाला, "अण्णा, लोक शिव्या देतील. फौजेचं नाव खराब होईल." मीही आठवडाभर कारणं शोधली. गुडघे, बीपी, ऊन. मग कारणं शोधायचाही कंटाळा आला आणि गेलो.

मास्तरांची मुलगी हमीदाबी अंगणात बाजेवर बसल्या होत्या. ॲक्शनच्या वेळी त्या आठ वर्षांच्या होत्या. कॅमेरा सुरू झाला. अनघानं माझी ओळख सांगितली. त्यांनी मला नीट बघून घेतलं.

"तुम्ही हवालदारासंगं होते?"

"होतो. वायरलेस माझ्याकडं होता."

"हवालदार दुसऱ्या दिवशी आला. मला जवारीच्या शेतातून बाहेर काढलं. लई रडत होता. बोलला, बेटी, मैं पूछा था, उप्पर से नहीं बोले. तवापासून मी त्या वरच्या साहेबाला बद्दुवा देते. नाव माहीत नाय, तरी देते. बरोबर देते ना?"

असा प्रश्न येईल हे अनघालाही माहीत नव्हतं. कॅमेरा चालू होता.

"नाही," मी म्हणालो. "वर कुणी नाही म्हटलं नव्हतं. हवालदारांनी मला विचारायला सांगितलं. मी विचारलंच नाही. येऊन खोटं बोललो."

"क्यों?"

"रझाकारांनी माझ्या चुलत्याला मारलं होतं. अन् तीन दिवस झोप नव्हती. यातलं खरं कारण कोणतं, ते मला आजही सांगता येत नाही."

"माझे अब्बा रझाकार नव्हते."

"माहीत होतं."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. माफी मी मागितली नाही. ती मागायला माझ्याकडं तोंड नव्हतं. अनघा कॅमेरा बंद करायला वाकली तशा म्हणाल्या, "बंद नको करू, बेटी. याला नावं ऐकू दे."

फिल्म शहरातल्या एका छोट्या हॉलमध्ये दाखवली. दोघं-तिघं ओरडत उठून गेले. मुलगा माझ्या शेजारी शेवटपर्यंत बसला. पण त्या विषयावर अजूनही बोलत नाही.

त्या रात्री मारल्या गेलेल्यांची हमीदाबींनी सांगितलेली नावं फिल्मच्या शेवटी आहेत. इथंही लिहितो. गफूर मास्तर. त्यांचे भाऊ करीम, विणकर. करीमची बायको जैनब. रहीम तेली आणि त्याची दोन मुलं, युसूफ आणि हारून. मशिदीत झाडलोट करणारे बाबूमियां. हमीदाबींची धाकटी बहीण, पंधरा दिवसांची. तिचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं.

आणि एक नाव माझ्याकडून, हवालदार शंकरराव. त्यांनी विचारायला सांगितलं होतं.