जीव पाठवा

आमच्या घराण्यात कुणी कुणाला शाबास म्हटल्याचं मला आठवत नाही. मी दहावी पास झालो तेव्हा वडील म्हणाले, "बरं." पितळी भांड्यांचं दुकान काढलं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, म्हणाले, "बघूं किती दिवस चालवतोस." आणि हा फोन बघा. तीन आंबे एका ओळीत आणून फोडले की आतली बाई आनंदाने ओरडते, "सुपर." चार फोडले की फटाके उडवते. साठी उलटलेल्या माणसाला कुंभकोणमच्या भर दुपारी, गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात, फुकटात एवढं कौतुक मिळत असेल तर तो दुसरं काय करणार? मी आंबे फोडत बसायचो.

खेळ इतका सोपा की तो खेळायला अक्कल लागत नाही, आणि म्हणूनच आमच्या घरात तो सगळ्यांना जमला. फळांची रास असते, सारखी फळं जुळवायची, ती फुटतात, आपण पुढच्या पायरीवर. चुकलात की एक जीव जातो. असे पाच जीव मिळतात. पाचही गेले की खेळ बंद, मग तोंड वासून वाट बघायची, नाहीतर ओळखीच्यांकडे जीव मागायचा. ते एक बटण दाबतात आणि तुमच्या फोनवर लाल बदाम टपकतो. देणाऱ्याचं काही जात नाही, त्यामुळे आमच्याकडे सगळे फार उदार झाले होते.

आता हे "लाइफ" मागायचं कुठे, तर घरच्या ग्रुपवर. आणि घरच्या ग्रुपवर अण्णांचा कायदा. आम्ही बाहेर तमिळच बोलतो, दुकानात, बसमध्ये, डॉक्टरकडे. मराठी उंबऱ्याच्या आत. ती पिढ्यान् पिढ्या टिकली, आता बोटांनी मारूं नका, घरच्या ग्रुपवर मराठीच लिहायची, असं अण्णांनी बजावलं होतं. लाइफ बंद, तमिळमधलं उयिर् बंद. मग राहिला जीव. राजेरजवाड्यांबरोबर तंजावरला आलेली आमची भाषा शेवटी या कामी आली. सकाळी उठून बघावं तर ग्रुपवर रांग लागलेली: जीव पाठवा. माझा जीव गेला. कोणाकडे जीव आहे काये?

एका एकादशीला आम्ही भजनाला मरुदानल्लूरला गेलो होतो. आमचे मेहुणे, धाकट्या बहिणीचे यजमान, टाळ वाजवायला पुढे बसलेले. गजर रंगात आला आणि त्यांच्या खिशातून बाई ओरडली, "सुपर." बुवांना वाटलं, भक्तांपैकीच कुणीतरी खूश झालं. त्यांनी तोच गजर पुन्हा पहिल्यापासून घेतला. मेहुण्यांनी मान इतकी खाली घातली की लोकांना वाटलं त्यांची समाधी लागली.

कायद्याची गंमत खरी कळली ती पुण्यामुळे. अण्णांची मुलगी पुण्यात दिलेली. एक दिवस तिच्या सासूबाईंनी तिचा फोन सहज हातात घेतला. वर अण्णांचा निरोप होता: "थांबा, मी जीव देतों." त्याखाली मेहुण्यांचं उत्तर: "लवकर द्या अण्णा, किती वेळ वाट पाहूं?" त्याखाली माझे हसरे चेहरे, तीन. सासूबाईंचं धाबं दणाणलं. त्यांनी थेट वहिनींना फोन लावला आणि म्हणाल्या, तुमचे यजमान जीव द्यायला निघालेत आणि घरचे त्यांना घाई करताहेत, असं कसं हो तुमच्याकडचं? वहिनींनी सांगितलं, ते ओसरीवर कॉफी पिताहेत.

आम्ही महिनाभर हसलो. पुण्याच्या लोकांना मराठी कळत नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. तिकडचे लोक आमच्या बोलण्याला नाकं मुरडतात, जुनाट म्हणतात, त्याचं उट्टं निघाल्यासारखं वाटलं. अक्काने मात्र तेव्हा एक वाक्य लिहिलं होतं: "त्या बाई घाबरल्या, ह्यांत हसायचें काये?" अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. तिला कोण विचारतो? तीही खेळायचीच.

अक्का माझ्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर एकटी राहते. यजमान गेल्यापासून दुपार खायला उठते, म्हणून मीच तिच्या फोनवर हा खेळ घालून दिला होता. रोज जाऊन तासभर बसण्यापेक्षा ते सोपं होतं. हे मी आज कबूल करतो. त्या वेळी मला ती माया वाटली होती.

ती मास्तरीण असल्यामुळे जीवसुद्धा पूर्ण वाक्यात मागायची. "माझा जीव गेला आहे. कोणी तरी बघा." त्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी तिचा निरोप आला: "जीव जातो रे. कोणी तरी बघा." मी एका अवघड पायरीवर अडकलो होतो. समोर तिरुप्पनंदाळहून आलेलं एक जोडपं समई बघत उभं होतं, त्यांनाही मी थांबवून ठेवलं होतं. मी बटण दाबलं, अक्काला जीव पाठवला आणि पुन्हा आंब्यांकडे वळलो. मेहुण्यांनी पाठवला. वहिनींनी पाठवला. अण्णांनी पाठवला आणि खाली जोडलेले हात काढले. पुण्याहूनसुद्धा एक आला.

पंधरा मिनिटांनी पुन्हा निरोप. या वेळी एकच शब्द: "जीव." मला रागच आला. एवढे सगळे एवढ्यात संपवले? म्हातारपणी किती ती हाव. मी लिहिलं, "अक्का, जरा दम धर."

पाचच्या सुमाराला तिच्याकडे रोज देवाची फुलं देणारी फुलवाली धावत दुकानात आली. तिला वाचता येत नाही, फोनही साधाच. ती तमिळमध्ये म्हणाली, अक्का न्हाणीघराच्या दारात पडल्यात, घामाने निथळताहेत, बोलता येत नाहीये, तुम्ही इथे काय करताय? मी काय करत होतो ते माझ्या हातातच होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधी सुरू झाला? मला मिनिटापर्यंत ठाऊक होतं. तीन वाजून दहा. फोन खिशात होता, त्यावर वेळ लिहिलेली होती. मी म्हणालो, पाच वाजता कळलं. हृदयाचा झटका होता. त्या रात्रीचं काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी बाकावर बसून रडलो, आणि रडताना तेवढी एक गोष्ट डोक्यात होती की मी खोटं सांगितलं. उठून आत गेलो आणि खरी वेळ सांगितली. डॉक्टरांनी ती लिहून घेतली.

अक्का वाचली. चौथ्या दिवशी तिने फोन मागितला. खेळ उघडला, वरचे बदाम बोटाने मोजले. भरलेले होते. "अवघ्यांनी दिले," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तूं पहिला होतास." ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग आमच्या घराण्याला पश्चात्ताप झाला. अण्णांनी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. मेहुण्यांनी देवापुढे शपथ घेतली. सगळ्यांनी खेळ काढून टाकला, मीही टाकला. आठवड्याने अण्णांच्या ओसरीवर आम्ही बैठकीला जमलो, तर कॉफी येईपर्यंत वहिनींच्या पदराखालून फटाके उडाले. कुणी काही बोललं नाही, कारण प्रत्येकाने आपापल्या फोनचा आवाज आधीच बंद केला होता. दोन तास चर्चा झाली. शेवटी ठरलं काय, तर जीव हा शब्द घोटाळ्याचा आहे, तो ग्रुपवर वापरायचा नाही. यापुढे "लाइफ" लिहावं. अण्णांनी स्वतःचा कायदा मोडायला परवानगी दिली. शब्द सोडला, खेळ राहिला. या ठरावावर मीही मान डोलावली, मला वेगळं काढू नका.

अक्का बैठकीला नव्हती. तिने ग्रुप सोडला होता, खेळही. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जाईन म्हणालो होतो, दोन आठवडे गेलोही. मग सणाची गर्दी आली, मग पाय दुखला, मग नुसताच राहिलो.

परवा दुपारी माझ्या फोनवर तिचा निरोप आला. तमिळ लिपीत, दोनच शब्द: उडने वा. लगेच ये. अक्काने मला जन्मात कधी तमिळमध्ये हाक मारलेली नाही. मी गिऱ्हाइकाच्या हातात तांब्या तसाच ठेवून पळालो. चप्पल घालायची राहिली, रस्ता तापलेला, दोन गल्ल्या मी जीव मुठीत धरून पळालो.

अक्का झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होती. चेहरा चांगला होता. मी दारात धापा टाकत उभा. "काय झालं?" मी विचारलं.

"कांही नाही. येतोस का, पाहत होतें."

मला संताप आला. म्हणालो, "असली थट्टा करतात? आणि तमिळमध्ये कशाला? आपल्या भाषेत लिहायचंस की."

ती शेंगा सोलत राहिली. माझ्या पायांकडे बघितलं, उठून पाण्याची बादली आणून माझ्यापुढे ठेवली.

"लिहिलें होतें," ती म्हणाली.