हिलाल मिस्त्री आणि रुपचंदभाऊंची मस्टँग

देवपूरच्या हिलाल मिस्त्रींच्या कानात पन्नास वर्षं एकच गाडी धावत होती. कापसाच्या जिनिंगचे मालक रुपचंदभाऊ यांची लाल मस्टँग. आठ सिलिंडरचं इंजिन, तोंडावर धावता घोडा. अमेरिकेत या गाड्यांनी शर्यती गाजवलेल्या. भाऊंनीही ती मद्रासकडे शोलावरमच्या शर्यतीच्या धावपट्टीवर पळवली. सोबत इंजिन सांभाळायला बावीस वर्षांचे हिलाल. "तुझा हात लागला की घोडा वारा पितो," भाऊ म्हणायचे.

पंच्याहत्तर साली एका सकाळी हिलालनी मागच्या डाव्या चाकाची ब्रेकची नळी बदलली. भाऊ लगेच गाडी घेऊन निघाले. तासाभरात निरोप आला. लळिंग घाटाच्या उतारावर गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली, भाऊ जागीच गेले.

नळीचा नट आपण शेवटी घट्ट आवळला का? हिलालना काही केल्या आठवेना. पुढे आयुष्यभर त्यांनी प्रत्येक नट दोनदा आवळला. तरी भर दुपारी, गॅरेजात एकही गाडी चालू नसताना, मस्टँगचा तो घरघराट कानी यायचा आणि हातातला पाना गळून पडायचा. मोडकी मस्टँग भाऊंच्या घरामागे शेडमध्ये पडून होती. तिकडे ते कधी फिरकले नाहीत.

गेल्या वर्षी भाऊंची नात ऋतिका आली. "आबा, आजोबांची गाडी उभी करायचीय. तुमच्याशिवाय ती कुणाला कळणार?"

ते शेडमध्ये गेले आणि सरळ त्या चाकाखाली शिरले. नटाला पाना लावला. हलेना. गंजलेला होता, पण थेट टेकेपर्यंत आवळलेला. नळी शाबूत होती. गाडीखाली पडल्या पडल्या ते हुंदके देऊन रडले.

मग हात धुऊन भाऊंच्या पत्नीकडे, इंदिराबाईंकडे गेले. "वहिनी, ब्रेक माझ्या हातून गेला नव्हता."

इंदिराबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "हिलाल, पन्नास वरीसमा तू एकदाबी घर उना नही. माले वाटे, तुले काहीतरी ठाऊक शे." त्या जवळ सरकल्या. "त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. जाताना ते काही बोलले का रे?"

भाऊंनी त्या सकाळी हिलालच्या हातातून चावी हिसकावून घेतली होती. डोळे लाल, तोंडातून शब्द नाही.

"नाही वहिनी," हिलाल म्हणाले. "शीळ घालत गेले."

गाडीची बॉडी आता सरळ झाली आहे, रंगही झाला. ऋतिका रोज विचारते, "आबा, इंजिन कधी सुरू करायचं?"

"करू," म्हणतात हिलाल. कानात तो घरघराट अजून तसाच येतो; ते दुसरंच काही काम काढून बसतात.