आडवा वारा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुनंदाला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून धीर होतोय.

लाखनीला हायवेवर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. छंद एकच, कॉम्प्युटरवर विमान उडवायचं. पोरखेळ नव्हे हं — हातात स्टिक, पायाखाली पेडल, खऱ्या विमानासारखं सगळं. आपला मुलूख त्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता हिरवा सपाट दिसायचा. म्हणून मी महिनोन्‌महिने बसून आपले तलाव, धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, रस्ते त्यात घातले. माझी बायको सुनंदा दिघोरीची. चहा घेऊन यायची आणि मागून म्हणायची, "आमच्या तलावाची पाळ अशी नाही जी, तिकडं वाकडी हाय." मी दुरुस्त करायचो. मी दुकानात गेलो की ती स्वतः त्या खुर्चीत बसते, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

काही वर्षांपूर्वी भंडाऱ्याला हौशी लोकांचं प्रदर्शन भरलं. कुणाची छोटी आगगाडी, कुणाचं ड्रोन, आणि एका टेबलावर मी. लोक यायचे, आपलं गाव शोधायचे, विमान आपटायचे, हसायचे. हे सोपं नाही, असं मी प्रत्येकाला समजावायचो. ते समजावणं मला फार आवडायचं — खोटं कशाला बोलू?

दुपारी सुनंदा डबा घेऊन आली. कुणीतरी म्हणालं, वहिनी, तुम्ही पण बसा की. ती बसली. आणि तिनं विमान उतरवलं! आकड्यांकडे बघतच नव्हती ती. तलाव बघत होती. एका तलावाच्या पाळीवर वळली, पुढच्या तलावावर वेग कमी केला, आणि विमान धावपट्टीला असं अलगद टेकवलं की मला इतक्या वर्षांत तसं जमलं नव्हतं. टाळ्या पडल्या. आयोजकांपैकी एक साहेब म्हणाले, संध्याकाळी पाहुण्यांसमोर ह्याच दाखवतील. पुन्हा एकदा करा, व्हिडिओ घेतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. केवढी खुलली होती! मला अभिमान वाटायला नको होता का?

मला राग आला. माझ्या खुर्चीत बसून, माझ्या माणसांसमोर — हेच मनात आलं. दुसरं काही नाही.

हवामान बदलायचा लॅपटॉप माझ्या हाताशी होता. नवख्यांसाठी मी सकाळपासून वारा बंदच ठेवला होता. ती दुसऱ्यांदा खाली येत होती, धावपट्टी अगदी समोर, आणि मी — कसं सांगू? — मी आडवा वारा सोडला. जोराचा. विमान कलंडलं आणि बांधीत जाऊन पडलं. तेवढ्यावर तरी थांबायचं! पण नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "अवो, इमान हाय ते, ट्रॅक्टर नोहे!" सगळे हसले. तीही हसली, पण कान लाल झाले होते तिचे.

मग मी गुपचूप वारा बंद केला, खुर्चीत बसलो आणि सफाईनं उतरवून दाखवलं. संध्याकाळी पाहुण्यांसमोरही मीच.

त्यानंतर ती त्या खुर्चीत बसली नाही. स्क्रीन पुसते, कापडानं झाकते, बस. स्कूटी शिकणार होती, तेही राहिलं. "माह्या हाताचा भरवसा नाही," म्हणते. लहानपणी गावचा तलाव पोहून पार करणारी बाई हो ती! भित्री नव्हती. ती भीती मी घातली तिच्यात.

गेल्या महिन्यात सानगडीहून तिची बहीण आली होती. सुनंदा तिला स्क्रीन, स्टिक, पेडल सगळं दाखवत होती. "मी तं पार बांधीत नेऊन टाकलं होतं बाई. मंग ह्यायनं बसून असं उतरवलं का लोक पाह्यतच राह्यले. चार लोकांत माही लाज राखली." बहिणीनं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. सुनंदानंही पाहिलं. तेव्हा तरी तोंड उघडता आलं असतं.

मी म्हणालो, "सवयीनं जमते." आणि समोरचे पोहे संपवले.