मोहाखालचं अस्वल

माझ्या सासूबाई अस्वल आहेत, यावर तीन जाणकारांचं एकमत झालेलं आहे.

त्याचं असं झालं. आमच्या चंद्रपूरच्या निसर्गमंडळाने प्राणी-नोंदणीचा खेळ काढला. दिसेल त्या प्राण्याचा फोटो मोबाइलवरून टाकायचा, जाणकारांनी तो ओळखला की गुण! माझी बायको सुनंदा गच्चीवरूनच धनेश पक्षी टिपून पुढे गेली होती आणि मी (शाळेत जीवशास्त्र शिकवणारा!) एका सरड्यावर अडकलो होतो. चिडलो होतो, खोटं कशाला बोलू?

मोहफुलांच्या दिवसांत आम्ही धानोऱ्याकडे सासुरवाडीला गेलो. सकाळी उजाडताना सासूबाई घरात दिसल्या नाहीत. (मला वाटलं, देवपूजेत असतील.) मी रानाच्या कडेला गेलो, तर मोहाच्या झाडाखाली काहीतरी काळं, केसाळ, वाकून फुलं खातंय! अस्वलाला मोह किती आवडतो, हे मी वर्गात शिकवतो. दुरूनच फोटो काढला आणि चपला तिथेच टाकून पळालो. न्याहारीच्या आत शिक्कामोर्तब झालं: अस्वल, पूर्ण वाढलेलं. मी सुनंदाच्या पुढे!

पण फोटोबरोबर जागाही कळते, हे मी विसरलो. दुपारी वनरक्षक गावात येऊन मोह वेचायला बंदी करून गेले. ऐन हंगामात! पडलेला मोह गुरांनी खाल्ला की वर्षाची बेगमी गेली. सासूबाई ओसरीवर बसून त्या अस्वलाचा उद्धार करत होत्या. त्यांना धीर यावा म्हणून मी (अक्कल बघा!) ऐटीत फोटो दाखवला.

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"जावईबापू, अस्वलाच्या हातात टोपली रायते का?"

मी फोटो मोठा केला. टोपली होती. केसाळ होती ती त्यांची काळी घोंगडी. त्या आत गेल्या आणि माझ्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या.

"आता गार्डाले तुमीच सांगा. अन् उद्या माझा मोह भी तुमीच वेचा."

सांगितलं. वनरक्षकांना हसता हसता ठसका लागला, पण बंदी उठली. दुसऱ्या दिवशी तपकिरी स्वेटर घालून मी मोहाखाली वाकलो. कंबर बोलायला लागली. सुनंदा लांबून फोटो काढत होती. मला वाटलं, कौतुकाने काढत असेल.

संध्याकाळी ती खेळात पुन्हा पहिली. जाणकारांचं मत: रानडुक्कर, नर, चांगलं पोसलेलं. आणि डुकरापायी मोहाला कोणी बंदी घालत नाही, त्यामुळे ती नोंद दुरुस्त करायची घाई सासूबाईंनाही नाही.